सहावा महिना लागलाय आणि पीआयपी आलाय, राजीनामा देऊ का?

ताई, मी हिंजवडीत एका आयटी सर्व्हिसेस कंपनीत टेस्टिंगला आहे, साडेचार वर्षं झाली. पहिलंच बाळ, सहावा लागलाय, ड्यू डेट २० जुलै. जानेवारीत बारा आठवडे झाल्यावर मॅनेजरला वन-टू-वनमध्ये सांगितलं, तो काँग्रॅट्स म्हणाला, संपलं. माझं रेटिंग आजवर कधी खाली गेलं नव्हतं, गेल्या वर्षी क्लायंटचा कौतुकाचा मेल पण आला होता. आता मार्चच्या रिव्ह्यूत एकदम तळाचं रेटिंग आणि १६ मार्चपासून ६० दिवसांचा पीआयपी, म्हणजे काम सुधारून दाखवायची लेखी मुदत. कारण काय लिहिलंय तर 'ओनरशिप कमी, अव्हेलेबिलिटी कमी'. एचआरच्या मॅडम कॉलवर म्हणाल्या की पीआयपीत फेल झालीस तर टर्मिनेशन रेकॉर्डवर येईल, त्यापेक्षा आत्ताच रिझाइन कर, दोन महिन्यांचा पगार देतो आणि क्लीन रिलीव्हिंग लेटर देतो, शुक्रवारपर्यंत कळव. माझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे, हातात महिन्याला ७० हजार येतात. नवरा चाकणला कंपनीत आहे, रावेतच्या फ्लॅटचा हप्ता दोघांच्या पगारावर चालतो. सासूबाई म्हणतात सोडून दे, बाळापेक्षा नोकरी मोठी नाही. मला रात्री झोप नाही. मी खरंच इतकं वाईट काम करते का, असं वाटायला लागलंय. काय करू?
— हिंजवडीतली एक

नाही गं, राजीनामा द्यायचा नाही. शुक्रवारी नाही, त्यानंतरच्या सोमवारी नाही आणि कॉलवर कुणी कितीही गोड बोललं तरी नाही. हे सगळं आधी तू वाच आणि मग नवऱ्याला आणि सासूबाईंनाही वाचायला दे, कारण यात पैशांचा हिशेब आहे आणि तो घरात सगळ्यांना माहीत असलेला बरा.

मी वकील नाही. मी बरीच वर्षं पुण्यातच एचआरमध्ये काढलीत, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे. गरोदर बाईला कुणी राजीनामा मागतं ना, तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की तिला काढणं कंपनीला जड जाणार आहे. सोपं असतं तर सरळ लेटर हातात ठेवलं असतं, मिनतवारी केली नसती. कायदा जे संरक्षण देतो ते 'काढून टाकणं' या गोष्टीला धरून देतो, आणि तू स्वतःहून गेलीस की कंपनी म्हणणार आम्ही कुठे काढलं, ती तर आपल्या मर्जीने गेली, हा बघा तिचा मेल. नंतर तू 'माझ्यावर दबाव होता' हे सिद्ध करत बसणार, तेही तान्हं बाळ मांडीवर घेऊन. म्हणून राजीनामा नाही, बाकी सगळं त्याच्यानंतर.

आता कायदा काय म्हणतो ते. आपल्याकडे १९६१ पासून मॅटर्निटी बेनिफिट अ‍ॅक्ट होता, २०१७ ला त्यात बदल होऊन पहिल्या दोन मुलांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झाले तेव्हा हे सगळं सोशल सिक्युरिटी कोड २०२० मध्ये गेलं. नेटवर तुला जुने लेख सापडतील, त्यात कलम १२ असं लिहिलेलं असेल, तेच आता कोडमध्ये कलम ६८ आहे, नंबर बदललाय, मुद्दा तोच आहे. हे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसांना लागू आहे, म्हणजे तुझ्या कंपनीला आहेच. आणि आयटीवाल्यांना 'तुम्ही कामगार नाही, तुम्हाला लेबर लॉ लागत नाही' असं जे ऐकवतात ना, तो वाद वेगळ्या कायद्यातला आहे. मॅटर्निटीच्या बाबतीत इंजिनियर आहे की हाऊसकीपिंगची मावशी आहे, पगार किती, पद काय, हे बघितलंच जात नाही. बघतात एवढंच की ड्यू डेटच्या आधीच्या बारा महिन्यांत तू तिथे निदान ८० दिवस काम केलंस का. तुझी साडेचार वर्षं झालीत, हा प्रश्न तिथेच संपला.

कलम ६८ मध्ये तुझ्या कामाच्या तीन गोष्टी आहेत. तू मॅटर्निटी लीव्हवर असताना किंवा त्या रजेमुळे तुला काढणं बेकायदेशीर आहे. तुझी नोटीस रजेच्या काळात संपेल अशा बेताने तुला नोटीस देणं हेही बेकायदेशीर आहे. रजेवर असताना तुझ्या नोकरीच्या अटी तुझ्या तोट्याच्या होतील अशा बदलणं, म्हणजे ग्रेड खाली आणणं, पगार कमी करणं, हेही चालत नाही. आणि यापलीकडे चौथी एक गोष्ट आहे जी तुला त्या मॅडमनी सांगितली नसणार: रजा सुरू व्हायच्या आधी, नुसती गरोदर असताना जरी तुला काढलं, तरी जो मॅटर्निटीचा पैसा तुला मिळायचा होता तो बुडत नाही. कंपनीला तो द्यावाच लागतो. फक्त गंभीर गैरवर्तनासाठी काढलं असेल तर तो रोखता येतो, आणि तोही लेखी ऑर्डर काढून. गंभीर गैरवर्तन म्हणजे चोरी, फसवणूक, कुणावर हात उचलणं, कंपनीच्या मालमत्तेची मुद्दाम नासधूस, या जातीच्या गोष्टी. 'ओनरशिप कमी' हे त्यात कुठेही बसत नाही.

आता कॅलेंडर घेऊन बस. ड्यू डेट २० जुलै. बाळंतपणाच्या आधी जास्तीत जास्त आठ आठवडे रजा घेता येते, म्हणजे तू २५ मेपासून रजेवर जाऊ शकतेस. पीआयपी १६ मार्चला सुरू झाला, साठ दिवस म्हणजे १५ मेला संपतो. समजा १५ मेला त्यांनी तुला फेल ठरवलं आणि ६० दिवसांची नोटीस दिली, तर ती नोटीस संपते १४ जुलैला, आणि तू तर २५ मेपासून रजेवर. म्हणजे नोटीस रजेच्या मधोमध संपतेय, जे कायद्याला चालत नाही. त्यांच्याकडे मग एकच वाट उरते, नोटीसचा पगार हातात देऊन १५ ते २४ मेच्या मधल्या त्या थोड्या दिवसांत तुला तडकाफडकी मोकळं करायची. तसं केलं तरी २६ आठवड्यांचा पैसा त्यांच्या डोक्यावर राहतोच, आणि शिवाय गरोदर बाईला रजेच्या तोंडावर का काढलं हे त्यांना कुठेतरी जाऊन समजवावं लागणार. हे त्यांच्या लीगलवाल्यांना माहीत आहे. म्हणून तर शुक्रवारची घाई आहे.

आणि पैसे बघ. दोन महिन्यांचा पगार देतो म्हणाल्या. अगं, तुझा नोटीस पिरियडच साठ दिवसांचा आहे, म्हणजे उद्या त्यांनी तुला तडकाफडकी काढलं असतं तरी ते दोन महिने तुझेच होते, ही काही ऑफर नाही, तुझंच तुला देतायत. ७० हजारांनी ते होतात १ लाख ४० हजार. २६ आठवडे म्हणजे सहा महिने, ते होतात ४ लाख २० हजारांच्या आसपास. कायद्यात पगाराची व्याख्या आहे आणि रजेच्या आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर हिशेब होतो, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण १ लाख ४० आणि ४ लाख २० यातलं अंतर त्याने भरून निघत नाही. यात अजून इन्शुरन्स धरलेला नाही. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम बहुतेक ठिकाणी लास्ट वर्किंग डेला बंद होतो, आणि बाहेर नवीन पॉलिसी घ्यायला गेलीस तर बाळंतपणासाठी वेटिंग पिरियड असतो, या बाळासाठी तिचा उपयोग नाही. सिझेरियन झालं, बाळाला चार दिवस एनआयसीयूत ठेवावं लागलं, तर बिल कोण भरणार ते आजच विचारून ठेवायला हवं. सासूबाई म्हणतायत नोकरी बाळापेक्षा मोठी नाही, बरोबरच आहे त्यांचं, त्या तुझ्या काळजीने बोलतायत. पण इथे नोकरी टिकवणं हे बाळासाठीच आहे, हे त्यांना आकडे दाखवून सांग, वाद घालून नको. मला वाटतं त्या ऐकतील, हप्ता कुणाच्या पगारातून जातो ते त्यांनाही दिसतंच की.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, तुला खोटी आशा नको. कायदा असं म्हणत नाही की गरोदर बाईला पीआयपी लावायचाच नाही, किंवा तिचं काम खरंच वाईट असेल तरी रजेआधी तिला काढायचंच नाही. रजेच्या काळातली भिंत पक्की आहे, त्याच्या आधीचा पट्टा तेवढा पक्का नाही. तिथे लढाई होते ती 'कामासाठी काढलं की पोटासाठी काढलं' यावर, आणि ही लढाई तारखांवर आणि कागदांवर जिंकतात किंवा हरतात. आत्ता तुझ्या बाजूने तारखा फार बोलक्या आहेत. साडेचार वर्षं रेटिंग ठीक, जानेवारीत बातमी सांगितली, मार्चमध्ये रेटिंग तळाला. पण तू ती बातमी तोंडी सांगितलीस. उद्या तो मॅनेजर म्हणाला की मला काही माहीतच नव्हतं, तर? इथेच बऱ्याच मुली अडकतात.

तर आजच, हो आजच, एचआर आणि मॅनेजर दोघांना एक मेल टाक. ऑफिसची पद्धत आहे तसा इंग्रजीतच लिही, पण मजकूर असा की मी गरोदर आहे, ड्यू डेट २० जुलै, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलंय, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वन-टू-वनमध्ये मी हे मॅनेजरना सांगितलं होतं, मी २५ मेपासून मॅटर्निटी लीव्हवर जाणार आहे आणि ही त्याची कायद्यानुसार नोटीस समजावी. तारीख मागची टाकायची नाही, काही फिरवून लिहायचं नाही, जे झालं तेच. एनटी स्कॅनला आणि अनॉमली स्कॅनला तू रजा टाकली असशील ना पोर्टलवर? मॅनेजरने अप्रूव्ह केली असेल. चॅटवर 'सोनोग्राफीला जातेय' असं काही लिहिलं असशील. ते सगळं म्हणजे त्याला माहीत होतं याचा पुरावा आहे. त्या रजांच्या तारखा वहीत लिहून ठेव.

वहीत, हां. ऑफिसच्या लॅपटॉपवर नाही. आणि हे नीट ऐक, ऑफिसचे मेल, टेस्ट रिपोर्ट, क्लायंटचं काहीही स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करायचं नाही. मी असं होताना पाहिलंय. मुलगी घाबरून स्वतःला वाचवायला पन्नास मेल घरी पाठवते आणि कंपनीच्या हातात डेटा लीकचं कारण आयतं पडतं, आणि मग खरंच गैरवर्तनाचा मुद्दा उभा राहतो जो आधी नव्हताच. तुझ्या नावाने आलेली पत्रं, म्हणजे अपॉइंटमेंट लेटर, दरवर्षीची अप्रेझल लेटर, इन्क्रिमेंट लेटर, सॅलरी स्लिपा, पीआयपीचं लेटर, एवढं घरी असू दे. क्लायंटच्या कौतुकाच्या मेलची तारीख, विषय आणि पाठवणाऱ्याचं पद एवढंच लिहून ठेव, मेल कंपनीच्या सर्व्हरवर आहे, गरज पडली की मागवता येतो. एचआरच्या त्या कॉलचंही तसंच, किती तारखेला, किती वाजता, कोण कोण होतं, काय म्हणाले, आठवतंय तोवर लिहून काढ. आणि मग त्याच मॅडमना एक शांत मेल, की आपल्या कॉलवर तुम्ही मला राजीनामा द्यायला सुचवलंत आणि शुक्रवारपर्यंतची मुदत दिलीत, मी राजीनामा देत नाहीये, मला काम चालू ठेवायचंय. एवढंच. रागाचं, टोमण्याचं एक वाक्य नको त्यात. याला उत्तर बहुधा येणारच नाही किंवा पुन्हा फोन येईल की अगं मेल कशाला, आपण बोलू ना. तेव्हाही म्हणायचं, मॅडम मला प्लीज मेलवर कळवा.

पीआयपीच्या लेटरवर सही मागितली असेल. 'मिळालं' एवढ्यापुरती सही कर आणि बाजूला लिही की मजकूर मान्य नाही, सविस्तर उत्तर मेलने देते. ऑनलाइन पोर्टलवर फक्त 'अ‍ॅक्सेप्ट'चं बटण असेल तर ते दाबायच्या आधी हाच मजकूर मेलवर पाठव. आणि उत्तरात त्यांना मोजता येईल असं टार्गेट माग. 'ओनरशिप' मोजता येत नाही. किती टेस्ट केसेस, किती डिफेक्ट, कोणती डेडलाइन चुकली, कोणत्या तारखेला कोण अव्हेलेबल हवं होतं आणि नव्हतं, हे लिहून द्या म्हणावं. 'अव्हेलेबिलिटी' या शब्दाकडे तर माझं खास लक्ष गेलं. तुझी कुठली अव्हेलेबिलिटी कमी झाली? स्कॅनला आणि चेकअपला घेतलेल्या रजा, आणि रात्रीचे क्लायंट कॉल कमी केलेस तेच ना? तसं असेल तर त्यांनी तुझ्या गरोदरपणाचंच मोजमाप काढून ते तुझ्या रेटिंगमध्ये घातलंय आणि आपल्या हाताने लेखी दिलंय. हे लेटर जपून ठेव, ते त्यांच्यापेक्षा तुझ्या जास्त कामाचं आहे.

आणि काम मात्र कर, बाई. मनापासून कर. हे ऐकायला त्रास होईल, की ज्यांनी हे केलं त्यांच्यासाठीच पुन्हा राबायचं, पण या साठ दिवसांत दर आठवड्याच्या शेवटी 'या आठवड्यात हे हे झालं, काही राहिलं असेल तर सांगा' असा चार ओळींचा मेल गेला आणि त्यावर समोरून काही तक्रार आली नाही, तर १५ मेला अचानक 'फेल' म्हणणं त्यांना अवघड जातं. रिव्ह्यू मीटिंग झाली की त्याचं सारही तूच मेलवर टाकायचं. तब्येत सांभाळूनच हं हे सगळं. बीपी, शुगर, ब्लीडिंग, काही झालं तर डॉक्टरांकडून लेखी घे, गरोदरपणातून आलेल्या आजारपणासाठी कायद्यात २६ आठवड्यांच्या वर आणखी एक महिना भरपगारी रजा आहे, ती बऱ्याच जणींना माहीतच नसते. रात्रीचे कॉल झेपत नसतील तर तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर येऊ दे, तुझ्या विनंतीवर नको.

'मी खरंच इतकं वाईट काम करते का?' तुझ्या पत्रातलं हे वाक्य वाचून मला फार वाईट वाटलं. असं बघ, रेटिंग कसं ठरतं ते मी आतून पाहिलंय. मॅनेजरला सांगितलेलं असतं की टीममधल्या एवढ्या टक्के लोकांना तळाला टाकायचंच, बेल कर्व्ह बसवायचाय. मग तो यादी बघतो आणि ज्याच्या जाण्याने त्याला सगळ्यात कमी त्रास होईल अशा माणसावर बोट ठेवतो, आणि जी बाई जुलैपासून सहा महिने नसणारच आहे तिचं नाव तिथे फार सहज बसतं. कित्येकदा त्या माणसाच्या मनात आपण काही वाईट करतोय असंही नसतं, त्याला ती सोय वाटते. ही सोय कुणाच्या जिवावर होते ते त्याला कुणी विचारत नाही. साडेचार वर्षांत जे काम बरं होतं ते बारा आठवड्यांत वाईट होत नाही गं. थकवा आला असेल, उलट्या झाल्या असतील, एखादी गोष्ट सुटली असेल, तेवढं कुणाचंही सुटतं.

आणि हे फक्त आयटीत होतं असं समजू नकोस. २०२३ मध्ये मध्य प्रदेशात सहा महिला सिव्हिल जजना परफॉर्मन्सचं कारण देऊन नोकरीवरून काढलं होतं. न्यायाधीशांना, बरं का. चौघींना नंतर परत घेतलं, दोघी बाहेरच राहिल्या, त्यातल्या एकीचा मधल्या काळात गर्भपात झाला होता, कोविड झाला होता, आणि त्याच काळातल्या कामाच्या आकड्यांवर तिला कमी ठरवलं होतं. सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती कोटीश्वर सिंह यांनी दोघींना कामावर परत घ्यायला लावलं. गरोदरपण आणि गर्भपात यांचा बाईच्या शरीरावर, मनावर काय परिणाम होतो ते बाजूला ठेवून तिचं काम मोजता येणार नाही, हा त्या निकालातला मुद्दा तुझ्या केसला किती जवळचा आहे बघ. त्याच्याही कितीतरी आधी, १९९१ ला, नीरा माथुर यांची केस झाली. प्रोबेशनवर असताना मॅटर्निटी लीव्ह घेतली आणि नोकरी गेली, कारण काय तर नोकरीच्या फॉर्ममध्ये पाळीच्या तारखेबद्दल खोटी माहिती दिली म्हणे. सुप्रीम कोर्टाने असे प्रश्न बाईला विचारणंच अपमानकारक आहे म्हणून त्यांना परत कामावर घ्यायला लावलं. त्या प्रोबेशनवर होत्या, तू परमनंट आहेस.

जाता जाता, हे वाचणाऱ्या ज्या मुली कॉन्ट्रॅक्टवर आहेत त्यांच्यासाठी: तुमचं कॉन्ट्रॅक्ट रजेच्या मध्ये संपतं म्हणून मॅटर्निटीचा पैसा संपत नाही, सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या केसमध्ये हे सांगितलंय. आणि पगार २१ हजारांपर्यंत असून ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापला जात असेल तर हा पैसा कंपनीकडून नाही, ईएसआयकडून मिळतो, तिथे अर्ज करायचा.

आता समजा, एवढं करूनही त्यांनी तुला काढलंच. तर ऑर्डर हातात आल्याच्या दिवसापासून ६० दिवसांत अपील करता येतं, ती मुदत चुकवू नकोस, बाळंतपण मध्ये येणार आहे म्हणून आधीच नवऱ्याला किंवा भावाला सगळे कागद दाखवून ठेव. पुण्यात कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार देता येते, तिथला इन्स्पेक्टर, ज्याला नव्या कोडमध्ये इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर म्हणतात, तो कंपनीला बोलावून चौकशी करू शकतो आणि पैसे द्यायला लावू शकतो. वकिलाच्या फीची भीती असेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी, १९८७ च्या कायद्यात तसं लिहिलंय. फोन नंबर १५१००. माझ्या मते तू काढेपर्यंत थांबूच नकोस, याच आठवड्यात तिथे किंवा एखाद्या लेबरच्या वकिलाला तासभर भेट, कागद दाखव. भेटलीस म्हणजे केस टाकलीस असं होत नाही.

'टर्मिनेशन रेकॉर्डवर येईल' याची तुला सगळ्यात जास्त भीती घातलीय ना. पुढच्या कंपनीने विचारलं तर तुझ्याकडे सांगायला खरी गोष्ट असेल, तारखांसकट. राजीनामा दिलास तर 'सहाव्या महिन्यात नोकरी का सोडली' हे पण विचारतातच की. माझ्या अनुभवात बायका त्या भीतीने जे सोडून देतात ते फार मोठं असतं, आणि ज्या रेकॉर्डला घाबरून सोडतात ते पुढे फारसं कुणी उघडत नाही.

एक शक्यता अजून आहे, तुझा मेल गेल्यावर त्यांची भाषा बदलेल. पीआयपी मागे घेतील, किंवा जास्त पैसे पुढे करतील. तुला स्वतःलाच तिथे राहायचं नसेल, जीव नको झाला असेल, तर त्यात कमीपणा काही नाही, पण मग सौदा पूर्ण कर: नोटीसचा पगार वेगळा, २६ आठवड्यांचा मॅटर्निटीचा पैसा वेगळा, मेडिक्लेम बाळंतपण होऊन बाळ घरी येईपर्यंत चालू, रिलीव्हिंग आणि एक्सपिरियन्स लेटर, हे चारही एका कागदावर, कंपनीच्या सहीने, आणि वकिलाने वाचल्यावरच तुझी सही. तोंडी 'करून देऊ गं' यावर काही नाही.

शुक्रवारी फोन आला तर उचल, आवाज चढवू नकोस, 'मी राजीनामा देत नाहीये, मेल केलाय' एवढं बोलून ठेव. आणि तो मेल आज रात्री जेवायच्या आधी जाऊ दे, सर्टिफिकेटसाठी थांबायचं नाही, डॉक्टर उद्या भेटणार असतील तर सर्टिफिकेट उद्या त्याच मेलला रिप्लाय करून जोड. कंपनीकडून जे उत्तर येईल ते मला कळव, नाव-गाव काढून, मग त्याला काय लिहायचं ते बघू.